छोट्या दमदार गाड्यांचे इनटेक आणि एक्झॉस्ट : पार्श्वभूमी

पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसर यांपैकी एखादी गाडी दारात आली की इंदूरमध्ये पहिल्या सर्व्हिसच्या आधीच विचारपूस सुरू होते. फिल्टर कुठला टाकू, एक्झॉस्ट कुठून करून घेऊ. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांतले बहुतेक सल्ले वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांवर शिकलेले असतात. इंजिन बदलले, नियम बदलले, २०१९ मध्ये एका न्यायनिर्णयाने सगळ्या छंदाचा पायाच हलवला, तरी सल्ले तसेच राहिले. म्हणून हा मागोवा, इंजिनात हवा आणणाऱ्या इनटेकचा आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टचा.

वेगवान गाड्यांची हौस या शहराला जुनी आहे. १९३६ च्या सुमारास इंदूरच्या महाराजांसाठी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग एसजे गाडीवर लंडनमध्ये बॉडी चढवली गेली. सुपरचार्जर आणि बॉनेटच्या बाजूने बाहेर काढलेले चमकते एक्झॉस्ट पाइप ही त्या मॉडेलची ओळख होती. हवा जास्त कोंबा आणि धूर मोकळा सोडा, हे सूत्र तेव्हापासून तेच आहे.

सामान्य माणसाच्या हातात हा छंद आला तो १९९९ ते २००५ या काळात. त्याआधी मारुती ८०० आणि झेनवर प्रयोग झाले, पण कार्बोरेटरच्या गाडीत हवा वाढवली की इंधनाचे जेट बदला, मिश्रण जुळवा, असा सगळा हाताच्या अंदाजाचा कारभार होता. मग १.६ लिटरची आयकॉन आली, २००० मध्ये १०६ अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक आली आणि पाठोपाठ पॅलिओ १.६. इंजेक्शनची, वजनाने हलकी, आकड्यांनी दमदार आणि दोन-चार वर्षांत सेकंडहँड बाजारात परवडणारी. कॉलेजातल्या मुलांच्या हाती अशा गाड्या पहिल्यांदाच येत होत्या.

‘फ्री फ्लो’ हा शब्द त्याच काळात रुळला. हेडर (इंजिनातून धूर बाहेर घेणाऱ्या नळ्या), मधला पाइप आणि मागचा डबा असा सगळा संच बदलणे, असा त्याचा अर्थ. छोटी ग्वालटोलीतून सामान आणायचे आणि ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे गाडी उभी करायची. पाइप वाकवायच्या साध्या मशीनवर सव्वादोन इंची पाइप वाकवला की वळणावर तो चेपतो आणि तिथली आतली जागा भरते कंपनीच्या पाइपाइतकी. म्हणजे मोठ्या पाइपाचे पैसे दिले, आवाज मिळाला, पण वायूची वाट होती तेवढीच राहिली. आत दांडा घालून न चेपता वाकवलेला पाइप महाग पडतो, आणि खरा फरक तिथेच असतो. वळण बोटांनी चाचपून पाहणारे गिऱ्हाईक तेव्हाही कमी होते, आजही कमीच आहेत.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सगळे म्हणतात तो कॅट, इंजिनपासून दूर, फरशीखाली असे. त्यामुळे त्याला हात न लावता हेडर बदलता येत होता. ही सोय पुढे संपली. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला १९९५ मध्ये, शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले २००० मध्ये. २०१० मध्ये बीएस-४ हे प्रदूषणाचे कडक नियम तेरा शहरांत लागू झाले. त्या यादीत सोलापूर होते, इंदूर नव्हते. आपल्याकडे बीएस-४ ची सक्ती झाली ती एप्रिल २०१७ मध्ये देशाबरोबरच, आणि तीन वर्षांनी लगेच बीएस-६. इंदूरकरांच्या डोक्यातले जुने ठोकताळे इतके टिकले, त्याचे एक कारण हेही असावे.

कॅट काम करू लागतो साधारण अडीचशे-तीनशे अंश तापमानाला. गाडी थंड असताना सुरुवातीच्या मिनिटांत जे प्रदूषण होते, ते नियम कडक होत गेले तसे मुख्य दुखणे ठरले, आणि कॅट लवकर तापावा म्हणून तो इंजिनला चिकटत गेला. पोलोच्या १.० टीएसआय इंजिनात तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडरच्या जागचा कंपनीचा भाग, सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. त्या गाडीला हेडर बसवतो असे कोणी म्हणाले तर तिथून निघावे, कारण बसवायला जागाच नाही. हेडला टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा), टर्बोतून धूर पुढे नेणारा डाउनपाइप आणि त्यातच कॅट. ‘डाउनपाइप करून घे’ या सल्ल्याचा अर्थ त्यामुळे बहुतेक वेळा ‘कॅट काढून टाक’ असाच होतो.

याबाबत मला तटस्थ राहता येत नाही. टर्बो गाडीत डाउनपाइपने ताकद वाढते, हे खरे आहे. पण कॅट काढलेली गाडी चौकात मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर कार्बन मोनॉक्साइड सोडते. बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांसाठी पीयूसीची मर्यादा आयडलला ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन, तर २५०० आरपीएमच्या आसपास ०.२ टक्के आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण, एकच्या आगेमागे ०.०३ एवढाच. कॅटशिवाय हे आकडे प्रामाणिकपणे येत नाहीत. कॅटनंतर बसवलेला दुसरा ऑक्सिजन सेन्सर ही चोरी ओळखतो आणि इंजिनचा पिवळा दिवा लावतो. मग रिमॅप करताना, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग्ज बदलताना, तो सेन्सरच आंधळा केला जातो. या मूठभर गाड्यांनी बाकीच्या सगळ्या हौशी लोकांना एका रांगेत उभे केले आहे.

आता मूळ वादाकडे: असे बदल कायद्यात बसतात का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये सुरुवातीला गाडीत बदल करायची वाट होती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवा, मंजुरी घ्या, आरसीवर नोंद करा. २००० च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असे कलम आले. सूट राहिली ती मुख्यतः इंधन बदलाला. सीएनजी, एलपीजी, बॅटरी. तरीही अनेक राज्यांत जुनीच पद्धत चालत राहिली. केरळातले एक प्रकरण वर गेले. तिथल्या उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांत बसणाऱ्या बदलांना मोकळीक दिली होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली आणि उत्पादकाचे मूळ स्पेसिफिकेशन हीच लक्ष्मणरेषा ठरवली.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत याचे झाले ‘आता गाडीत कोणताही बदल बेकायदा’. निकाल तेवढा सपाट नाही. मूळ स्पेसिफिकेशनला धक्का न लावणारे इतर तपशील नियमांनुसार बदलता येतात, असेही त्यात आहे. शिवाय कलमातच बदलाची व्याख्या आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचे मूळ वैशिष्ट्य बदलते. मग मागचा सायलेन्सर बदलणे म्हणजे रचना बदलणे का? आरसीवर इंजिन नंबर, चासिस नंबर, रंग, आसने, घनक्षमता, इंधन असते. सायलेन्सरचा उल्लेख नसतो. मोकळीक मागणाऱ्यांचा सगळा भर या मुद्द्यावर आहे, आणि मला तो वजनदार वाटतो.

समोरची बाजूही पोकळ नाही. नोंदणीच्या फॉर्मवर अश्वशक्तीचा रकाना आहे. इनटेक, डाउनपाइप आणि रिमॅप यांनी ११० ची गाडी १४० वर नेली, तर कागद आणि गाडी यांचे जुळत नाही, हे उघड आहे. म्हणजे एकच कलम लावले तरी कॅटच्या मागचा पाइप बदलणारा काठावर उभा राहतो आणि हे तिन्ही बदल, म्हणजे ‘स्टेज टू’, करणारा सरळ पलीकडे जातो. रस्त्यावर चालान करणाऱ्याला हा भेद कळावा, अशी व्यवस्थाच नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आले. भाग बदलून केलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाचा दंड कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत गेला. मध्य प्रदेशाने वाढीव दंड त्या सप्टेंबरात लगेच लागू केले नाहीत, त्यामुळे ‘आपल्याकडे चालतं’ असा एक गैरसमज इथे जास्तच मुरला.

जर्मनीत सुटा भाग तपासून त्याला मान्यतेचा कागद मिळतो. कॅलिफोर्नियात इनटेकवर सूट-क्रमांकाचे लेबल असते. जपानमध्ये सायलेन्सरवर प्रमाणपत्राची पट्टी असते. आपल्याकडे सीएनजी किटला मान्यता मिळते, आरसीवर नोंदही होते. मालकाने बसवलेल्या एक्झॉस्टला तसा मार्ग नाही. इंदूरपासून तासाभरावर, पिथमपूरला ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकसह देशातले मोठे वाहन चाचणी केंद्र २०२१ पासून पूर्ण ताकदीने सुरू आहे. ज्याला आपला पाइप नियमात बसतो हे पैसे भरून सिद्ध करायचे आहे, त्याला अशा केंद्राचे दार बंद असावे, हे मला पटत नाही.

आवाजाचेही असेच आहे. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीसाठी २००५ पासून ७४ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मान्यता चाचणीची. गाडी वेग घेत जाते आणि मायक्रोफोन तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. विजयनगरच्या चौकात उभ्या गाडीच्या नळीशेजारी धरलेल्या मीटरचा आकडा त्याच्याशी ताडता येत नाही. पण लोकमान्य नगरच्या गल्लीत रात्री साडेअकराला थ्रॉटल मारणाऱ्याला या बारकाव्याचा आडोसा देऊ नये. तिथे मीटरची गरजच नाही.

राहिला इनटेक. त्याचा वाद कमी आणि गैरसमज जास्त. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, साधारण पुण्याइतकेच. हवा विरळ, म्हणून टर्बो नसलेले इंजिन मुंबईपेक्षा पाचेक टक्के कमीच देते. कोणताही फिल्टर ती तूट भरत नाही. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर मे महिन्यात इंजिनचीच गरम हवा ओढतो. तोच बंपरमागे खाली नेला तर जुलैत तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकवू शकतो. माळव्यातली धूळ बारीक आहे, आणि हवा सहज सोडणारी जाळी धूळही सहज सोडते. कंपनीच्या डब्यात बसणारा चांगला पॅनेल फिल्टर, वेळेवर साफ केलेला, यापुढे रिमॅपशिवाय जाण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रदूषणाची मोजणीही बीएस-६ मध्ये आली, तेव्हा कॅटला हात लावायचा प्रश्न माझ्या लेखी मिटला. कंपन्यांनी दरम्यान हौस स्वतःच विकायला घेतली. २०२१ ची एन लाइन आणि २०२४ ची अल्ट्रोझ रेसर मुद्दाम घुमवलेल्या आवाजासकट आल्या, आणि तो आवाज त्यांच्या मूळ स्पेसिफिकेशनचा भाग असल्याने त्यावर चालान नाही. आता एन लाइनचा मागचा डबा त्याच इंजिनाच्या साध्या टर्बो आय-ट्वेंटीला बसवला तर कलम ५२ काय म्हणते, याचे उत्तर २०१९ च्या निकालात सापडत नाही. इथल्या दोन मालकांनी तसे करून घेतले आहे. कॅट, सेन्सर आणि रिमॅपला हात न लावता. पीयूसीत दोन्ही गाड्या पास आहेत.