धक्का आणि चटका

साय-फाय मालिकेचा अमुक भाग ‘जबरदस्त’ आहे असं कुणी सांगितलं, की मी विचारतो, धक्का बसला की चटका लागला? दोन्हींत शेवटच्या काही मिनिटांत गुपित फुटतं, म्हणून हमखास गल्लत होते.

धक्क्याचा अस्सल नमुना म्हणजे ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेतला १९६२चा भाग ‘टू सर्व्ह मॅन’. कॅनामिट नावाचे नऊ फुटी परग्रहवासी पृथ्वीवर येतात, उपासमार संपवतात, सैन्यं निकामी करतात. त्यांच्या पुस्तकाचं नुसतं नाव उलगडतं, तेही ‘माणसाची सेवा’ अशा अर्थाचं. लोक खुशीनं त्यांच्या यानात चढायला लागतात आणि मग कळतं, ते पाककृतींचं पुस्तक आहे! इंग्रजी ‘सर्व्ह’मध्ये सेवा करणंही येतं आणि ताटात वाढणंही. (आपलं ‘सेवणे’ही कमी नाही. अभंगात चरण सेवतात, आजारपणात काढा.) पण परग्रहावरच्या भाषेतही नेमका हाच श्लेष कसा? पहिल्यांदा पाहताना हा प्रश्न सुचतही नाही, दुसऱ्यांदा मात्र तोच डोळ्यांत खुपतो. यानात चढणाऱ्यांचं वजन करतात, ते बघून तर हसूच येतं. मजा आहेच, पण ती एकदाची.

त्याच मालिकेतला १९५९चा ‘टाइम इनफ अॅट लास्ट’ काठावरचा. जग बेचिराख झालंय, पुस्तकवेड्या हेन्री बेमिसला वाचायला हवा तेवढा वेळ मिळालाय, आणि त्याचा चष्मा फुटतो. तिथे धक्का माणसाच्या हौसेतूनच आलाय, म्हणून जास्त टिकतो.

आता चटक्याचा नमुना, ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतला ‘द इनर लाइट’, १९९२चा. पुढच्या वर्षी त्याला साय-फायमधला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका अनोळखी यंत्राचा किरण लागून अंतराळजहाजाचा कॅप्टन पिकार्ड कोसळतो आणि कटान नावाच्या ग्रहावर कॅमिन म्हणून जागा होतो. बायको, मुलं, आटत चाललेलं पाणी. आधी धड न जमणारी बासरी वर्षानुवर्षं वाजवून हातात बसते. म्हातारपणी घरचे त्याला एक यान उडताना पाहायला नेतात, आणि मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही ते आधीच पाहिलंय. तेच ते यंत्र! हजार वर्षांपूर्वी संपलेल्या लोकांनी आपली आठवण ठेवायला कुणीतरी मिळावं म्हणून सोडलेलं.

गुपित इथेही आहेच. पण ते आधीच ठाऊक असलं तर भाग आणखी जड होतो. गावात झाड लावतात, मुलगी माती तपासते, आणि यातलं काहीच उरणार नाही हे आपल्याला पहिल्या दृश्यापासून माहीत असतं.

एवढं आयुष्य जगून पिकार्ड जागा होतो, तेव्हा जहाजावर जेमतेम पंचवीस मिनिटं गेलेली असतात. यंत्रात सापडलेली डबी त्याच्या हाती येते. आत बासरी. खोलीत एकटाच तो ती छातीशी धरतो, मग वाजवायला लागतो, आणि सूर चुकत नाही.