गिअर काढताना इंजिन बंद पडतं, तेव्हा कार्ब्युरेटरला हात लावू नका

जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीत लक्षण एकीकडे दिसतं आणि बिघाड भलतीकडेच असतो. इंजिन बोटीच्या आत, गिअरपेटी बाहेर पाण्यात, आणि दोघांच्या मध्ये ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. 1959 साली व्होल्व्हो पेंटाने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ आणलं, तेव्हापासून मूळ मांडणी तीच आहे. ताकद इंजिनातून आडवी बाहेर येते, काटकोनात खाली वळते आणि पुन्हा काटकोनात वळून पंख्यापर्यंत पोचते. अमेरिकेतल्या तळ्यांवर 1980-90 च्या दशकांतल्या बोटींना मर्क्रूझरचा ‘अल्फा वन’ ड्राइव्ह (बाहेरचा गिअरपेटीचा भाग) हमखास सापडतो. पुढची तपासणी त्याचीच.

नेहमीची तक्रार अशी: गिअर छान पडतो, पण न्यूट्रलला आणताना इंजिन गप्प होतं. लोक लगेच कार्ब्युरेटर खोलतात. अल्फात गिअरसाठी दातेरी डॉग क्लच असतो, आणि भार असेपर्यंत त्याचे दाते एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून इंजिनावरच्या शिफ्ट प्लेटवर, जिथे हँडलकडून येणारी वरची केबल आणि ड्राइव्हकडे जाणारी खालची केबल जोडलेल्या असतात, एक छोटा स्विच बसवलेला असतो. हँडल न्यूट्रलकडे ओढलं की तो क्षणभर इग्निशन तोडतो, भार उतरतो, दाते सुटतात. पण ट्रान्सममधून ड्राइव्हमध्ये जाणारी खालची शिफ्ट केबल गंजून जड झाली असेल, तर स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन मरतं.

खात्री करायला फार अवजारं लागत नाहीत. बोट पक्की बांधा, स्विचची वायर तात्पुरती काढा आणि आयडलवर गिअर काढून पाहा. आता इंजिन चालू राहिलं पण हँडल हातात जड लागलं, तर संशय केबलवर. वायर लगेच परत जोडा. तशीच बोट चालवली तर डॉग क्लचचे दाते झिजतात. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून, खालची केबल प्लेटवरून सोडा. एवढ्याने हँडल हलकं झालं तर वरची केबल ठीक आहे. खालची केबल हाताने मागेपुढे करा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला पंखा हळूहळू फिरवायला सांगा, नाहीतर दात्यावर दाता येऊन ती अडते आणि चांगल्या केबलवर उगाच आळ येतो. तरीही अडखळली तर बदला. तेल घालून केबल सुधारते ती चार दिवस. केबलच्या आतल्या टोकातून पाणी ठिबकत असेल तर बाहेरचं आवरण फाटलंय, आणि बोटीच्या तळात साचणारं पाणी तिथूनच येत असतं.

सुकाणू पूर्ण वळवल्यावर मागून गुरगुर ऐकू आली तर रबरी भाता पाहा. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेलं हे रबर युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह वळला तरी ताकद पोचवणारा सांधा, झाकतं. ड्राइव्ह वर उचलून एकेक घडी बोटांनी उघडा. भेग घडीच्या तळाशी असते, वरून दिसत नाही. पाणी आत गेलं की आधी गिम्बल बेअरिंग (ट्रान्सममध्ये शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) जातं, मग जॉइंट. ड्राइव्ह उतरवल्यावर बेअरिंग हाताने फिरवा. खरखर लागली तर ग्रीस भरत बसू नका, नवीन बसवा आणि भाताही त्याच वेळी बदला.

सगळ्यात महागात पडणारा बिघाड मात्र एक्झॉस्टचा. मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा नळ) आणि त्यावरचा रायझर (धूर वर नेणारा उभा भाग) बिडाचे असतात, त्यांच्या एका कप्प्यातून धूर जातो आणि दुसऱ्यातून थंड करणारं पाणी. खाऱ्या पाण्यात साधारण पाच वर्षांत आतली भिंत धोकादायक पातळ होऊ शकते. मग इंजिन बंद असताना पाणी झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर ‘ठक्’ करून अडला तर पुन्हा किल्ली फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा, ब्लोअर, म्हणजे इंजिनकक्षातली हवा बाहेर काढणारा पंखा, किमान चार मिनिटं चालवा (पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात बसते) आणि मगच इंजिन फिरवा. ज्या भोकातून पाणी उडेल त्या बाजूचा रायझर उतरवा. गॅस्केटच्या जागेवर पाण्याच्या कप्प्यापासून धुराच्या कप्प्यापर्यंत गंजाची रेघ दिसली की चोर सापडला.

प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. एकट्या आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. सर्वात कमी सिलिंडर सर्वात जास्तीच्या 75 टक्क्यांच्या खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं.

इंजिन ओरडतंय पण बोट पळत नाही? पंख्याच्या रबरी हबवर आणि धातूवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा आणि बोट चालवून आणा. रेघ तुटली तर हब घसरतोय. रेघ शाबूत आणि इंजिनामागे जळक्या रबराचा वास, काळी भुकटी असेल, तर कपलर (इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट जोडणारा रबरी दुवा) गेला. तो नुसता बदलून भागत नाही. आधी इंजिनाची रेषा सरळ आहे का ते अलाइनमेंट बारने तपासावं लागतं, नाहीतर नवीन कपलरही तसाच जातो.

गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. तेलाच्या बुचावरच्या मॅग्नेटवर करडा चिकट लेप चालतो, टोचणारे तुकडे चालत नाहीत. नवीन तेल मात्र नेहमी खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बुडबुडे न येता वाहू लागेपर्यंत भरायचं. वरून ओतलं की हवा आत अडकते आणि ड्राइव्ह भरल्यासारखा वाटूनही तेल कमीच राहतं.