मोडीत न निघणारी काच

नाशिककरांना वस्तू टाकून द्यायची सवय मुळातली नाही. तांबट आळीत घडलेला हंडा गळायला लागला की तो भांडी बाजारात जायचा, वजन व्हायचं, मोड वजा होऊन नवं भांडं घरी यायचं. सराफ बाजारातली धूळ गोळा करून, पाण्यात धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरीही इथलेच. निकामी वस्तूलाही कुणीतरी गिऱ्हाईक असतंच, ही आपली समजूत तिथून आलेली. टीव्हीपाशी मात्र ती खोटी ठरली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांबरोबर रंग आला. पुढची वीस-पंचवीस वर्षं टीव्ही बिघडला की दुरुस्त व्हायचा. मेकॅनिक घरी येऊन एलओटी, म्हणजे ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बदलायचा, कॅपॅसिटर बदलायचा. ‘पिक्चर ट्यूब गेली’ हे एकच वाक्य ऐकायची भीती असायची, कारण सगळ्यात महाग भाग तोच. मग सपाट पडद्याचे टीव्ही स्वस्त झाले आणि चालू स्थितीतले जुने टीव्हीसुद्धा माळ्यावर गेले.

माळ्यावरून ते भंगारवाल्याकडे गेले. आमच्या गल्लीत मी हे जवळून पाहिलं आहे. त्याने मागचं झाकण उघडलं, ट्यूबची मान हातोडीने मोडली. आत हवा शिरताना फुस्स असा आवाज झाला. ट्यूबच्या मानेभोवतीच्या योकवरची, म्हणजे वेटोळ्यावरची, तांब्याची तार, सर्किट बोर्ड, स्पीकर पोत्यात गेले. काच नासर्डी नदीच्या काठावर पडली.

त्या काचेत शिसं असतं. ट्यूबमध्ये तयार होणारे क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून मागच्या नरसाळ्यासारख्या भागात ते मुद्दाम घालत. मोठ्या ट्यूबमध्ये ते दीड-दोन किलोही भरतं. पडद्याच्या आतल्या बाजूला जी पावडर असते, तीही श्वासातून जाऊ नये अशीच. एके काळी ही काच वितळवून नव्या ट्यूब बनायच्या, म्हणजे तिचीही मोड व्हायची. ट्यूबचे कारखानेच बंद पडले, तेव्हा तिचं गिऱ्हाईक संपलं. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. भंगारवाल्याला दोष देऊन काही होत नाही; ज्याला भाव आहे तेवढंच तो नेतो. तार जाळून तांबं काढताना धूर आधी त्याच्याच छातीत जातो.

कायदा उशिरा आला. घातक कचरा एका देशाने दुसऱ्याच्या दारात टाकू नये म्हणून १९८९ मध्ये बासेल करार झाला. आपल्याकडे ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम २०११ मध्ये निघाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन पहिल्यापासून यादीत होते. ज्याने वस्तू बाजारात आणली, तिच्या शेवटाची जबाबदारीही त्याचीच, हा त्यातला मोठा बदल. चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं जे चिन्ह नव्या वस्तूंवर दिसतं, तेही याच नियमांतलं. २०१६ मध्ये नियम सुधारले. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी यादी १०६ वस्तूंपर्यंत नेली आणि उत्पादकाला नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून, कचऱ्याचं पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेणं भाग पाडलं. काचेला भाव नसला, तरी तिची नीट विल्हेवाट लावण्याला भाव आला.

दरम्यान नाशिकमध्ये २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवला. बाजार हटला तरी घरोघरचे टीव्ही होते तिथेच राहिले. म्हणून टीव्ही न उघडता, ट्यूबसकट अख्खा नोंदणीकृत केंद्राकडेच द्यायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा केंद्रांची यादी प्रसिद्ध करतं. सपाट टीव्हीही फोडू नये, जुन्या एलसीडीच्या मागच्या नळ्यांत पारा असतो.

आणि ज्यांचा उत्पादकच उरला नाही, असे टीव्ही? नियमांनी ते गोळा करायचं काम शहराच्या महापालिकेवर टाकलं आहे. आमच्या माळ्यावरचा, लाकडी शटरचा टीव्ही अशाच एका बंद पडलेल्या कंपनीचा आहे.