लांबच्या पायपिटीसाठी कॅमेऱ्याची बॅग निवडताना

कॅमेऱ्याची बॅग घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो यात किती लेन्स मावतील, हा. प्रश्न रास्त आहे. परंतु लोणावळ्याहून राजमाचीपर्यंतची सुमारे १५ किलोमीटरची वाट पाठीवर कॅमेरा घेऊन चालून आलेल्या माणसाला विचारले, तर तो लेन्सआधी खांद्यांविषयी बोलू लागतो. दिवसभर चालायचे असेल, तर बॅग कॅमेऱ्याच्या मापाची असण्याआधी आपल्या पाठीच्या मापाची असावी लागते. हे माप घरच्या घरी घेता येते, म्हणून दुकानात येण्यापूर्वी हे पत्रक एकदा वाचावे, अशी विनंती आहे.

आधी वजन

घरी स्वयंपाकघरातला काटा असेल तर आपले सामान त्यावर ठेवून पाहावे. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, साधारण ७०० ग्रॅमची असते, नेहमीच्या वापराची २४-७० एफ २.८ झूम लेन्स सुमारे ८०० ग्रॅमची आणि दूरचे टिपणारी ७०-२०० एफ २.८ लेन्स दीड किलोच्या आसपास. म्हणजे तीन किलो इथेच झाले. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, दीड किलोचा ट्रायपॉड, डबा आणि रेनकोट मिळून एक किलो, आणि ज्याचे वजन कोणीच धरत नाही ती रिकामी बॅग, जी जाड फोममुळे सहज दीड ते दोन किलो भरते. बेरीज नऊ किलोंच्या पुढे जाते. एका दिवसाच्या चालीसाठी आमचा ठोकताळा असा, की पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. साठ किलो वजनाच्या माणसाने साडेआठ किलोंवर थांबावे. ओझे त्याहून जास्त भरत असेल, तर मोठी बॅग घेण्याऐवजी एक लेन्स घरी ठेवावी. मोठी बॅग विकण्यात आमचा फायदा आहे हे खरे, पण रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच, हा आमचाही अनुभव आहे.

पाठ आणि कंबर

मान पुढे वाकवली, की मानेच्या तळाशी एक मणका ठळकपणे हाताला लागतो. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवले, की दोन्ही अंगठ्यांना जोडणारी एक रेघ पाठीवर कल्पिता येते. त्या मणक्यापासून या रेघेपर्यंतचे अंतर शिवणकामाच्या टेपने दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. तेच आपल्या पाठीचे माप. उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पाठी सारख्या असतातच असे नाही, आणि कॅमेऱ्याच्या बॅगा बहुधा एकाच मापात येत असल्यामुळे आखूड पाठीच्या ग्राहकांना, त्यातही अनेक महिलांना, बॅगेचा कंबरपट्टा हाडांवर न बसता मांड्यांकडे घसरल्याचे जाणवते. ज्या बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यांची जागा वरखाली करता येते, ती त्यांनी आधी पाहावी.

कंबरपट्ट्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक फसगत इथेच होते. फोम भरलेला, तळहाताएवढा रुंद पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसला, तर ओझ्याचा मोठा भाग पायांकडे जातो आणि खांद्यांना केवळ बॅग सावरण्याचे काम उरते. याउलट बोटभर रुंदीची साधी नायलॉनची पट्टी बॅग हलू नये एवढ्यापुरती असते. तिने ओझे उचलले जात नाही. बॅग घालताना सगळे पट्टे सैल करावेत, प्रथम कमरेचे बक्कल लावून आवळावे, मग खांद्यांचे पट्टे ओढावेत, त्यानंतर छातीवरची पट्टी लावावी आणि खांद्यांवरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे लहान पट्टे असल्यास ते शेवटी. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली, तर बॅग बसली असे समजावे.

पाठीमागे ताणलेली जाळी असलेल्या बॅगा हवेशीर असतात, पण त्या ओझे पाठीपासून दूर नेतात, आणि जड लेन्स जितकी दूर तितकी ती माणसाला मागे खेचते. सह्याद्रीतल्या दमट हवेत पाठ एरवीही भिजतेच. त्यामुळे दोन किलोंची पक्ष्यांची लेन्स नेणाऱ्यांनी पाठीला चिकटून बसणारी बॅग घ्यावी, असे आमचे मत आहे.

एका खांद्यावरची स्लिंग बॅग पुण्याच्या पेठांमधून तासभर फिरायला उत्तम. पण तिला चार-पाच तास चालवू नये. वारीत आळंदी ते पंढरपूर चालत छायाचित्रे काढणाऱ्यांना याची कल्पना असेल. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पाच सुमारे ३० किलोमीटरचा आहे, आणि गर्दीत वळताना मोठी बॅग मागच्या वारकऱ्याला लागते. तिथे एक बॉडी, एक लेन्स आणि पाठीच्या बाजूने उघडणारी लहान सॅक पुरते. अशी सॅक दुसऱ्या कोणाला मागून उघडता येत नाही, आणि चिखलात ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू वर राहते.

पाऊस

कापडावर पाणी अडवणारा लेप असला, तरी शिवणींच्या टाक्यांतून आणि चेनमधून पाणी आत येते. रेनकव्हर हवेच, पण त्यावर विसंबू नये: कड्यावरच्या वाऱ्यात ते फुगते, आणि मानेवरून ओघळलेले पाणी पाठीच्या बाजूने आत मुरते. कॅमेरा आतमध्ये वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवावा. परत आल्यावर तो ओल्या बॅगेत रात्रभर ठेवू नये, कारण ओलसर फोममध्ये लेन्सला बुरशी धरते. सिलिका जेलच्या दोन पुड्या भिजलेल्या फोमला पुरणार नाहीत. फोम काढून पंख्याखाली वाळवावा.

आपल्याकडे अंगाला बसलेली ट्रेकिंगची चांगली सॅक आधीच असेल, तर नवी बॅग घेण्याची गरज नाही. तिच्यात बसेल असा फोमचा कप्पा आमच्याकडे सुटा मिळतो, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या चढावर ही जोडी अनेक महागड्या बॅगांपेक्षा बरी चालते. मात्र कप्पा तळाशी न ठेवता खाली कपडे भरून पाठीच्या मध्यावर, पाठीला टेकून ठेवावा.

दुकानात येताना आपला कॅमेरा, नेहमीच्या लेन्स आणि पाण्याने भरलेली बाटली सोबत आणावी. पाठीवर रिकामी असलेली प्रत्येक बॅग आरामशीरच वाटते. म्हणून ती आम्ही भरून देतो आणि ग्राहकाला वीस मिनिटे इमारतीचे जिने चढउतार करायला सांगतो. तेवढ्यात कुठे काचले, तर जागा बोटाने दाखवावी. पट्टा सरकवून पाहू, आणि तरीही जमले नाही तर दुसरी बॅग काढू.