3-4-5 ची दोरी, मोर आणि साप

शाळेत काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंचे पूर्ण आकडे, म्हणजे 3-4-5 सारखी त्रिकुटं, पायथागोरसच्या नावानं पाठ करून घेतात, पण हा हिशेब त्याच्या हजारेक वर्षं आधीपासून चालू आहे. इसवी सनापूर्वी 1800 च्या आसपासची बॅबिलोनची प्लिम्प्टन 322 नावाची मातीची पाटी आहे, तिच्यावरच्या एका त्रिकोणाची बाजू 12709 आणि कर्ण 18541, म्हणजे असले आकडे अंदाजानं सापडत नसतात. तिथल्याच दुसऱ्या एका पाटीवर भिंतीला टेकवलेला 30 मापाचा वासा वरून 6 नं घसरतो, तर खालचं टोक किती सरकलं, असं विचारलंय, उत्तर 18. इजिप्तवाले 12 गाठींच्या दोरीनं काटकोन काढायचे ही गोष्ट मात्र जरा बेतानंच घ्या, तो 19 व्या शतकातला तर्क आहे, थेट पुरावा काही नाही.

दोरीचा लेखी पुरावा हवा तर आपल्याकडची शुल्बसूत्रं, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायचे जुने ग्रंथ, बघा. बौधायनानं 3-4, 5-12, 8-15, 7-24, 12-35, 15-36 अशा जोड्याच देऊन ठेवल्यात. दुसरा शुल्बसूत्रकार आपस्तंब, त्याची महावेदी (यज्ञाची मोठी वेदी) आखायची रीत तर एकदम साइटवरची वाटते: मधली रेषा 36 ची, दोन्ही टोकांना खुंट्या, दोरी 54 ची, तिच्यावर 15 वर खूण, दोरीची टोकं खुंट्यांना बांधून खूण धरून बाजूला ताणली की उरलेली 39 कर्ण होते आणि कोपरा काटकोनात बसतो.

अंतर काढायची खरी मजा भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात, 1150 सालच्या. 9 हात खांबावर मोर, बुंध्याशी सापाचं बीळ, साप 27 हातांवरून बिळाकडे निघालाय, मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो, दोघांचा वेग सारखा, तर गाठ बिळापासून किती हातांवर? 9 चा वर्ग 81, भागिले 27, आले 3. 27 तून 3 गेले 24, निम्मे 12. मोर तिरका 15 उडाला, सापही 15 च सरपटला, 9-12-15, म्हणजे तिपटीतलं 3-4-5. त्यातल्याच कमळाच्या गणितात कमळ पाण्यावर अर्धा हात वर असतं, वाऱ्यानं कलून दोन हातांवर बुडतं, तर पाणी पावणेचार हात खोल निघतं, चारानं गुणलं की तेच बौधायनाचं 8-15-17. भास्कराचार्यांनी आकडे मुद्दाम निवडलेत हे उघड आहे, नाहीतर करणी, म्हणजे पूर्ण न निघणारी वर्गमुळं, काढत बसावं लागलं असतं.

त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला. आणि गवंडी अजूनही मोठ्या खोलीचा कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायला टेपनं 9 फूट, 12 फूट मोजून तिरकं 15 भरतं का तेच बघतो, काटकोन तपासायचं छोटं हत्यार, गुण्या, तेवढ्या लांबीला पुरत नाही.