निवडुंगाचा फडा वाळवून का लावतात?

फड्या निवडुंगाचा फडा सांध्यात कापला की जखम ओली, हिरवट, चकचकीत दिसते. तो सावलीत कोरडा ठेवला तर आठ-दहा दिवसांत तिथे बुचासारखी टणक खपली धरते. तेव्हाच तो मातीत लावायचा. ओला लावला की जखमेतून बुरशी शिरते आणि फडा खालून मऊ पडत कुजतो.

ही रीत झाडाच्या मूळ घरातून आली आहे. निवडुंग बहुतेक सगळे अमेरिका खंडातले. चोला नावाच्या काटेरी जातीचे तुकडे जनावरांच्या केसांत अडकून दूर जाऊन पडतात, उन्हात सुकतात आणि पाऊस आला की मुळं धरतात. फड्यावरच्या ज्या ठिपक्यांतून काटे येतात, त्यांतूनच मुळंही फुटतात. मेक्सिकोत लोकांनी फार पूर्वीच हे हेरलं आणि फडे लावून निवडुंगाची शेती केली. फळांसाठी, भाजीसाठी आणि त्यावर जगणाऱ्या कोचिनियल किड्यांच्या लाल रंगासाठीही.

त्या रंगाच्या ओढीनेच १७८८ साली इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर ब्राझीलमधून निवडुंग ऑस्ट्रेलियात पोचला. त्यानंतर तिथे त्याच्या आणखीही जाती आल्या आणि रानभर पसरल्या. तोडावं तर प्रत्येक तुकडा नवं झाड व्हायचा. १९२५ पर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली होती. शेवटी अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्यांनी फडे आतून पोखरून खाल्ले, तेव्हा कुठे ती जमीन मोकळी झाली. कुंडीत आपल्याला ज्या गुणाचं इतकं कौतुक, तोच गुण तिथे शेतकऱ्यांच्या मुळावर आला.

मातीचं कोडं मात्र कुंडीतच सुरू झालं. खडकाळ माळावर पाणी क्षणात झिरपून जातं. कुंडीत ते साचतं. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेने कुंडीसाठी पोयटा ७, पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) ३ आणि जाडी वाळू २ भाग असं मिश्रण ठरवलं. निवडुंगवाल्यांना तेही जड, पाणी धरून ठेवणारं वाटलं, म्हणून ते त्यात आणखी बारीक खडी घालू लागले.

एक समजूत मात्र अजून टिकून आहे, आणि ती झाडं मारते: कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो. बारीक मातीतलं पाणी ती पुरती भिजेपर्यंत खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही; उलट ओल मुळांच्या आणखी जवळ येते. खडी मातीतच मिसळायची, अगदी निम्म्यापर्यंत.