तार वरून धरायची की खालून?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक 'क्रांतिकारी शोध' फिरत येतो. आगगाडीच्या प्रत्येक चाकाला डायनॅमो लावा, गाडी स्वतःची वीज स्वतःच तयार करेल, मग वरच्या तारा हव्यात कशाला! डायनॅमो फिरवायची ताकद शेवटी त्याच मोटरमधून येणार आणि वाटेत थोडी वायाही जाणार, हे शाळेतलं विज्ञान इथे सोयीस्करपणे गुंडाळून ठेवलेलं असतं. (ब्रेक लावताना काही वीज परत मिळते, हे खरं. पण ती आधी खर्च केलेल्यातलीच.)

धावत्या गाडीपर्यंत वीज पोचवणं किचकट आहे, हे मात्र कबूल. 1880 च्या आसपास गाडी ओढायला मोटर होती, वीज बनवायला डायनॅमोही होता. घोडं अडलं होतं ते या दोघांना जोडण्यात.

वीज सोबत न्यायचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. 1842 मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनने बॅटरीवरचं इंजिन एडिंबरो-ग्लासगो मार्गावर चालवून पाहिलं. वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर, आणि बॅटरीत झिजणारं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. मग 1881 मध्ये वेर्नर सीमेन्सने बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला ट्राम सुरू केली, तेव्हा 180 व्होल्टची वीज थेट रुळांतूनच सोडली: एक रूळ धन, दुसरा ऋण. रस्ता ओलांडताना घोड्याचे नाल दोन्ही रुळांना टेकले की घोडा उधळायचा. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलने 1885 साली तारा रुळांमधल्या खाचेत, जमिनीखाली पुरल्या. गाव समुद्रकाठचं. खाचेत वाळू आणि खारं पाणी शिरायचं, वीज गळायची. 1899 मध्ये ते थकून वरच्या तारेकडे वळले.

म्हणजे तार वरच हवी. पण ती धरायची कशी? पहिली कल्पना सगळ्यांना सुचली तीच: तारेवर छोटा चाकांचा गाडा ठेवायचा आणि ट्रामने तो केबलने ओढत न्यायचा. आता तारेकडे नीट बघा. खांबाखांबाला ती वरून टांगलेली असते, म्हणजे गाड्याच्या वाटेत दर थोड्या अंतरावर अडथळा. ठेच लागली की गाडा उसळणार आणि वेळप्रसंगी खाली पडणार. व्हिएन्नाजवळच्या मोडलिंग गावात 1883 मध्ये तारेऐवजी खालून चिरलेल्या नळ्या टांगून त्यांत संपर्काचा तुकडा सरकवला. तो पडत नसे, पण जिथे मार्ग फुटतात तिथे नळ्या जोडणं ही डोकेदुखीच.

उपाय निघाला तो तारेला खालून रेटण्याचा. ट्रामच्या टपावर तिरका दांडा, टोकाला खाच असलेलं छोटं चाक आणि बुडाशी दांड्याला सतत वर ढकलणारी स्प्रिंग. टांगणी तारेच्या वरच्या अंगाला, चाक खालच्या अंगाला. दोघांची गाठच पडत नाही. दोन खांबांमध्ये तार झोळ खाते, गाडी हेलकावते, पण दांडा तेवढा वरखाली होतो आणि दाब जवळपास तोच राहतो.

हा दाब सारखा राहण्यात सगळी मेख आहे. संपर्क क्षणभर जरी सुटला तरी मोटरमधला प्रवाह झटक्यात थांबायला तयार नसतो. तो मधल्या हवेतूनच उडी मारतो. हवेचं आयनीकरण होऊन, म्हणजे हवाच वीज वाहू लागून, हजारो अंशांची ठिणगी पेटते. घरच्या प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते. ट्रामच्या एकदिश प्रवाहात ती मिळत नाही. ठिणगी तारेवर खड्डा पाडते, पुढच्या ट्रामचं चाक त्या खड्ड्यावर उसळतं, त्यातून आणखी मोठी ठिणगी. एकदा हे चक्र सुरू झालं की तारेचं आयुष्य संपलंच.

हा दांडा संशोधक चार्ल्स व्हॅन डेपोलने 1885 मध्ये टोरोंटोच्या प्रदर्शनात दाखवला. त्याचा खरा कस लावला अभियंता फ्रँक स्प्रेगने, अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये. फेब्रुवारी 1888 मध्ये सुरू झालेला सुमारे 19 किलोमीटरचा मार्ग, 40 ट्रामचं कंत्राट आणि शंभर मीटरला दहा मीटरपर्यंतचे चढ. दांडा टिकला आणि घोड्यांच्या ट्रामची सद्दी संपत आली. आपल्या मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये धावली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही 1500 व्होल्टवरची पहिली विजेची आगगाडी निघाली.

आगगाडीच्या वेगाला एकट्या दांड्याचं चाक पुरत नाही, म्हणून तिथे पेंटाग्राफ, म्हणजे टपावरची वरखाली होणारी घडीची चौकट. रेटणं मात्र खालूनच. चाकाऐवजी त्यावर कार्बनची आडवी पट्टी असते. फलाटावरून पुढच्या वेळी वर पाहा: सरळ रुळावरसुद्धा तार सरळ नसते, एका खांबाशी वीसेक सेंटिमीटर डावीकडे, पुढच्याशी तितकीच उजवीकडे ओढलेली असते. ती नागमोडी नसती तर पट्टी एकाच रेषेत घासून कापली गेली असती. पट्टी मुद्दामच तांब्याच्या तारेपेक्षा लवकर झिजणारी घेतात, कारण कारशेडमध्ये पट्टी बदलणं सोपं, आणि मैलोनमैल तार बदलायची तर लोकल बंद ठेवावी लागेल.